जीवघेणी साथ आली तर तालुक्याच्या दवाखान्यानं आणि गावानं काय तयारी ठेवायची

साथीचं नाव टीव्हीवर यायला लागल्यावर धावपळ सुरू केली तर उशीर झालेला असतो, म्हणून सगळं शांत असताना हे लिहायलेय. मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, तीस खाटांचा दवाखाना आमचा. त्यामुळं मोठ्या शहरातल्या चकचकीत हॉस्पिटलसाठी हे नाहीच, जिंतूर असो, भूम असो की मुखेड, जिथं रात्रपाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढ्यावर गाडा चालतो तिथल्या लोकांसाठी आहे. आणि अर्धं गावासाठी आहे, कारण रस्ते बंद व्हायची वेळ आली की सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना पण नेमकं काय करायचं ते माहीत पाहिजे.

आपल्याकडं असलं काही येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातल्या जुन्या माणसांना १९९४ चं विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्लेग निघाला होता तो आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, देशात जवळपास तीस वर्षं प्लेगचा पक्का पेशंट नव्हता तरी निघाला. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला, त्या धास्तीनं लोकांनी घरं सोडली, धान्य आत राहिलं, उंदीर वाढले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि तिथून लाखो लोक चार-पाच दिवसांत गाड्या भरून पळाले. प्लेग वेळेत ओळखला तर साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो, पण ते लोकांपर्यंत वेळेवर पोचलंच नाही. मग २०२० तर आपण सगळ्यांनीच बघितलंय.

आधी दार

दवाखान्याची तयारी म्हणलं की सगळे व्हेंटिलेटर मोजायला लागतात. माझं म्हणणं असंय की पहिल्या पेशंटला आपण दारातच ओळखतो का नाही यावर निम्मं ठरतं. २०१४ ला अमेरिकेतल्या डॅलस शहरात इबोलाचा पेशंट इमर्जन्सीत आला, ताप होता, आफ्रिकेतून आलोय हे त्यानं सांगितलं, ते लिहून पण घेतलं गेलं, पण ती गोष्ट पुढं कुणाच्या डोक्यात शिरली नाही आणि त्याला गोळ्या देऊन घरी पाठवला. तीन दिवसांनी ॲम्ब्युलन्सनं परत आला, पुढं दगावला, आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली, त्या वाचल्या हे नशीब. जगातल्या श्रीमंत देशातल्या दवाखान्यात हे झालं, मशिनी सगळ्या होत्या तरी.

म्हणून केसपेपरच्या खिडकीच्या आधी, बाहेरच, मांडव किंवा पत्र्याखाली एक टेबल टाका. तिथं बसणारं माणूस मास्क लावून दोन हाताच्या अंतरावर बसेल आणि प्रत्येकाला विचारेल. ‘ट्रॅव्हल हिस्टरी आहे का’ असं विचारलं तर आपली माणसं सरळ ‘नाही’ म्हणतात. आपल्या भाषेत विचारा. ताप कधीपासून हाय? कारखान्यावरून आलात का? पुण्याहून, हैदराबादहून, सुरतेहून कोण आलंय का घरात? तीन आठवड्यात कुणाच्या मातीला गेला होता का? कुठल्या दवाखान्यात कुणाजवळ राहिलात का? गल्लीत अजून कुणी असंच आजारी आहे का? जनावरांना गोचीड झालीय का, हाताने काढलीत का? गोचिडीचा प्रश्न उगाच नाही, २०११ ला अहमदाबादजवळच्या कोलाट गावात काँगो ताप निघाला तेव्हा पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दोघंही गेले. आणि मातीचा प्रश्न तर सोडूच नका, कारण माणूस प्रवास विसरतो पण मातीला गेलेला विसरत नाही.

उत्तर संशयाचं आलं तर केसपेपरवर लाल पेनानं मोठी खूण करायची आणि तिथून उठून, तोंडानं, डॉक्टरला सांगायचं. नुसतं लिहून ठेवणं चालणार नाही, डॅलसला लिहिलेलंच होतं.

मग पेशंटला कुठं न्यायचं? ओपीडीच्या बोळातून अजिबात नाही. आत्ताच दवाखान्याला चक्कर मारून अशी एक खोली ठरवा जिला बाहेरून थेट दार आहे, स्वतःचा संडास आहे, खिडक्या उघडतात आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवता येतो. बऱ्याच ठिकाणी अशी खोली जुन्या सामानानं, मोडक्या खाटांनी भरलेली असते, ती या आठवड्यात रिकामी करून घ्या, साथ आल्यावर किल्ली कुणाकडंय हेच सापडत नाही. त्या खोलीतलं बीपी मशीन, थर्मामीटर, स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर तिथंच राहील, बाहेर येणार नाही. केरळात कोझिकोडला २०१८ ला निपाह आला तेव्हा १९ पेशंटपैकी १७ गेले, आणि पहिल्या पेशंटपासून पुढं बऱ्याच जणांना लागण झाली ती दवाखान्यातच झाली, जवळच्या खाटेवरचे, नातेवाईक, बोळात थांबलेले लोक. त्या पहिल्या पेशंटला काय झालंय हे तो जिवंत असेपर्यंत कुणाला कळलंच नव्हतं. म्हणजे आजाराचं नाव कळायच्या आधीच मास्क, हातधुणं आणि अंतर चालू पाहिजे, रोज, प्रत्येक तापाच्या आणि खोकल्याच्या पेशंटला.

आपल्याकडं एक पेशंट आला की क्रुझरमधून दहा माणसं उतरतात. त्यांच्यावर ओरडू नका बरं का. ओरडलं की पळून जातात आणि मग संपर्कात कोण कोण आलं ती यादीच हातातून जाते. एकच माणूस जवळ थांबेल, तोच सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाकीच्यांना बाहेर लिंबाखाली बसवा, पाणी द्या, आणि सगळ्यांची नावं, गावं, मोबाईल नंबर रजिस्टरला घ्या. ज्या क्रुझरनं आणलं तिच्या ड्रायव्हरचं नाव हमखास राहतं, ते आधी घ्या.

अंगावरचं किट, ब्लीचिंग आणि पाणी

पीपीई म्हणजे अंगावरचं संरक्षक किट घालणं सोपंय, काढताना लागण होते. घालायची जागा वेगळी आणि काढायची वेगळी ठेवा. काढताना समोर एक जोडीदार उभा करा जो भिंतीवरचा तक्ता मोठ्यानं वाचेल, एकेक पायरी, प्रत्येक पायरीनंतर हात साफ, आणि एन-९५ सगळ्यात शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर. थकलेलं माणूस घाईत चष्मा आधी ओढतं किंवा घाम पुसतं, म्हणून जोडीदार लागतोच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, त्यात किट घालून तास-दीड तासाच्या वर कुणाला आत ठेवू नका, घालायच्या आधी पाणी प्यायला लावा, आणि महिन्यातून एकदा मामा-मावशींसकट सगळ्यांची प्रॅक्टिस घ्या. सफाईवाल्या मावशींना नेहमी शेवटी शिकवलं जातं, खरं तर उलटी, रक्त, चादरी त्यांच्याच हातात असतात, त्यांना पहिल्यांदा शिकवा आणि जाड रबरी हातमोजे, गमबूट त्यांना पहिल्यांदा द्या.

ब्लीचिंगचं माप प्रत्येकजण अंदाजे टाकतो, तसं नको. ३३ टक्केवाली पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा टक्का द्रावण होतं. रोज ताजं करायचं, प्लास्टिकच्या बादलीत करायचं, पत्र्याच्या नाही. उघडं पडलेलं दमट पोतं असेल तर त्यातला दम गेलेला असतो, ते वापरू नका. रक्त-उलटी सांडली तर आधी जुन्या कपड्यानं झाकायची, वरून द्रावण ओतायचं, १५ मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि पाणी. बाहेरचे लोक तयारीच्या याद्या करतात त्यात पाणी नसतंच, कारण त्यांच्या नळाला ते असतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपलं वास्तव आहे. बोअर आटली तर टँकर कुणाचा, पैसे कुठल्या खात्यातून, टाकी किती लिटरची आणि किती दिवस पुरते हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आत्ताच लिहून घ्या. हात धुवायला पाणी नसेल तर वरचं सगळं कागदावर राहतं.

ऑक्सिजनचं गणित

हे गणित प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ पाहिजे. जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर एक सिलेंडर साडेअकरा तास जातो. १५ लिटर असेल तर पावणेआठ तास. हाय फ्लो मशीनवर ६० लिटर चालू असेल तर दोन तास पण नाही. म्हणजे १० लिटरवाले दहा पेशंट असतील तर दिवसाला २१ सिलेंडर, आणि गाडी भरून यायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून किती तास लागतात ते धरून साठा ठेवायचा, रस्त्यावर नाकाबंदी असेल तर अजून जास्त. ऑक्सिजनच्या गाडीला पास काढून ठेवा आणि ड्रायव्हरचा नंबर भिंतीवर लिहा. पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन काढणारा) असेल तर आठवड्याला चालवून बघा, बंद पडलेला प्लांट साथीच्या मधात कोण दुरुस्त करणार? लाईट गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो, डिझेल किती आहे, ते पण.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिकेच्या दवाखान्यात टाकी भरताना गळती झाली आणि प्रेशर पडून २० च्या वर पेशंट गेले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, ११ गेले. म्हणून टाकी भरत असताना वॉर्डात भरलेले जम्बो उभे ठेवा आणि त्यांची चावी सिलेंडरलाच बांधा. जुन्या वायरिंगवर एकदम पंधरा मशिनी लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मागचं दार कुलूप लावून ठेवलेलं असतं चोरीच्या भीतीनं, ते साथीत उघडंच ठेवा.

कुणाला फोन, कुठं पाठवायचं

संशय आला की रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी जिल्हा साथरोग अधिकारी आणि सिव्हिल सर्जन यांना फोन करायचा, त्याच तासात. निपाह, इबोलासारखा संशय असेल तर आपल्या लॅबमध्ये रक्त काढून तपासत बसू नका, नमुना कुणी घ्यायचा, तीन थरांच्या पॅकिंगमध्ये पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) कसा पाठवायचा हे जिल्ह्यावरून सांगतील तसं. १०८ ला बोलवताना संशय काय आहे ते स्पष्ट सांगा, त्या ड्रायव्हरला आणि डॉक्टरला घरी लेकरं आहेत. पेशंट संभाजीनगरच्या घाटीला, अंबाजोगाईला, नांदेडच्या विष्णुपुरीला, लातूरला कुठंही पाठवायचा असेल तर आधी तिथल्या डॉक्टरशी बोलून खाट पक्की झाल्यावरच गाडी हलवायची, नाहीतर पेशंट तीन दवाखान्यांच्या दारातून परत फिरतो आणि तीन ठिकाणी संपर्काची यादी वाढते.

बाकीचे पेशंट कुठं जाणार ते विसरू नका. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ च्या इबोलात ११,३०० च्या वर माणसं गेली, पण त्याशिवाय बाळंतपणाला, मलेरियाला लोक दवाखान्यात यायचे थांबले आणि त्यात अजून किती तरी गेले. आपल्याकडं पावसाळ्यात सापाचे, विंचवाचे, फवारणीच्या विषबाधेचे पेशंट येतच राहणार. बाळंतिणीचा रस्ता, दार आणि सिस्टर वेगळी ठेवा, आणि दवाखाना चालू आहे, बाळंतपण इथं होतंय हे आशाताईंकडून घरोघर कळवा.

कोझिकोडच्या साथीत पेरांब्रा तालुका हॉस्पिटलच्या सिस्टर लिनी पुदुसेरी पहिल्या पेशंटची सेवा करताना आजारी पडल्या आणि २१ मे २०१८ ला गेल्या. तालुक्याचा दवाखाना, आपल्यासारखाच. मला हे लिहिताना आजही गलबलून येतं. तेव्हा दवाखाना चालवणाऱ्यांना विनंती आहे की स्टाफची राहायची सोय, जेवण, घरच्यांसाठी रेशन आणि वेळेवर पगार हे तयारीच्या यादीत वरच्या नंबरला घ्या, आणि कंत्राटी पोरांना त्यातून वगळू नका. घरमालक खोली खाली करायला सांगायलेत अशा तक्रारी २०२० ला सगळीकडून आल्या, त्यासाठी शाळा किंवा वसतिगृह आधीच ठरवून ठेवा. स्टाफवर हात उचलला तर २०२० च्या दुरुस्तीनंतर साथरोग कायद्यात ३ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे, गंभीर इजा असेल तर ७ वर्षांपर्यंत, हा बोर्ड दारात लावा.

गावाची वेस आणि रस्ते

२०२० ला कित्येक गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या, काहींनी तर जेसीबीनं चर खणले. भीती होती, मी दोष देत नाही, पण पुढं असं करू नका. रस्ता बंद करायचा अधिकार १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती कायदा यानुसार शासनाला, म्हणजे आपल्यापुरतं कलेक्टरला आहे, ग्रामपंचायतीला नाही. आणि चर खणला की १०८ येत नाही, बाळंतीण अडकते, आणि यायचे ते लोक तर शेतातल्या पांदीनं येतातच, फक्त कुणाला न सांगता येतात. त्यापेक्षा वेशीवर सावली करा, खुर्च्या टाका, रजिस्टर ठेवा आणि दवाखान्याच्या दारातलेच प्रश्न तिथं विचारा. पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स पहाटे चार ते सातला फाट्यावर माणसं उतरवतात, त्यामुळं सकाळी दहाला उघडणारा नाका काही कामाचा नाही.

आलेल्या माणसाला हाकलायचं नाही, वेगळं ठेवायचं. शाळेत, किंवा ज्यांना रान आहे त्यांच्या आखाड्यावर (शेतातल्या घरी), पण तिथं पाणी, लाईट, संडास आणि दोन वेळचं जेवण पोचतंय का ते रोज बघायचं. किती दिवस ते आजारावर ठरतं. इबोलाच्या संपर्कातल्या माणसाला २१ दिवस, केरळात निपाहच्या संपर्कातल्यांना पण २१ दिवस ठेवलं होतं. प्लेगला ७ दिवस पुरतात आणि डॉक्टर सोबत अँटिबायोटिक देतात. नुसता ताप बघून माणूस सोडू नका, विमानतळावर असो का फाट्यावर, लागण होऊनही ताप यायला दिवस लागतात. रोज दोनदा ताप बघणारी आशाताई आणि तिला लागलीच फोन उचलणारा डॉक्टर, ह्यानं साथ अडते. नायजेरियात २०१४ ला लागोससारख्या अवाढव्य शहरात इबोला आला तरी २० पेशंट आणि ८ मृत्यूंवर थांबला, कारण संपर्कातल्या प्रत्येकाच्या घरी माणसं जाऊन बघत राहिली.

ऊसतोड्यांचं वेगळं बोलायला पाहिजे. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारची गावंच्या गावं कारखान्यावर जातात. २०२० च्या मार्चमध्ये एका रात्रीत सगळं बंद झालं तेव्हा ही माणसं लेकराबाळांसकट, बैलांसकट फडावर अडकली, एप्रिलमध्ये तपासणी करून त्यांना गावी आणायचा निर्णय झाला तोवर हाल हाल झाले. म्हणून मुकादमाकडून टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव, कारखाना आणि मोबाईल नंबर ग्रामपंचायतीनं जातानाच लिहून घ्यावा. बंदी लागली तर वैरण, रेशन आणि औषध तिथंच मिळेल का हे कारखान्याला विचारायला ती यादी लागते, आणि परत आणताना टोळी एकत्र ठेवून आणता येते.

प्रवास बंद करताना माणसाला थांबायला जागा आणि खायला दिलं नाही तर तो चालत निघतो. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल म्हणून. त्यामुळं बंदीच्या आदेशासोबतच कुठल्या गावात जेवण आहे, गाडी कधी, पास कुठं, हे दवंडीनं, मशिदीच्या, मंदिराच्या, विहाराच्या भोंग्यावरून सांगा, मोबाईलवर मेसेज टाकून भागत नाही. रस्त्यानं चालत जाणारा दिसला तर थांबवून पाणी द्या आणि तहसीलला फोन लावा.

ज्यांच्या घरात कायमचा पेशंट आहे त्यांनी आजच एक पिशवी करून ठेवा. निदान लिहिलेला केसपेपर, डॉक्टरची चिठ्ठी, आधार, महिनाभराच्या गोळ्या, आणि सगळ्याचा मोबाईलमध्ये फोटो. धाराशिवची, बीडची माणसं कॅन्सरसाठी बार्शीला जातात, देगलूर-उदगीरची हैदराबाद, बिदरला, म्हणजे जिल्ह्याची किंवा राज्याची सीमा ओलांडावी लागते. डायलिसिस, केमोच्या तारखा लिहिलेलं पत्र असेल तर पास लवकर मिळतो. स्वतःला ताप असेल तर मात्र एसटीत, ट्रॅव्हल्समध्ये बसूच नका, १०४ ला फोन करून विचारा.

मातीचं अवघड आहे, मला कळतंय. इबोलासारख्या आजारात मेलेल्या माणसाच्या अंगातूनही फार लागण होते, त्यामुळं आंघोळ घालणं, कवटाळणं थांबवावं लागतं. पण तोंड बघू द्या, लांबून, पिशवीची चेन उघडून किट घातलेल्या माणसाकडून. दफन असेल तर दफन, दहन असेल तर दहन, मौलाना, जंगम, भंतेजी, भटजी जे कोण असतील त्यांना लांब उभं राहून जे म्हणायचंय ते म्हणू द्या. असं केलं तर लोक मयत लपवत नाहीत.

हे सगळं ठरलं की एकदा खोटा पेशंट आणून बघा, आणि दुपारी नको, रात्री दोनला आणा, आणि एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी पण. टेबलवर कोण होतं, लाल खूण झाली का, खोलीची किल्ली किती मिनिटात सापडली, साथरोग अधिकाऱ्यांनी फोन उचलला का, किट काढताना कोण चुकलं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसून मावशींपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी मिळून लिहून काढा, आणि अडलेली प्रत्येक गोष्ट कोण, कधीपर्यंत दुरुस्त करणार त्याचं नाव पुढं टाका.